राहते घर पुन्हा तारण ठेवताना : स्वतंत्र व्यवसाय करणाऱ्यांसाठी चार हिताच्या गोष्टी

आपल्या मागच्या पिढीतील ज्यांनी घरासाठी कर्ज काढले, ते बहुतांशी नोकरदार होते. रेल्वे, महापालिका, पोस्ट, बँक किंवा कारखान्यातील पगारपत्रक दाखवले की कर्ज मंजूर होत असे आणि हप्ता पगारातूनच वळता होत असे. आज त्याच घरांत राहणारी पुढची पिढी मोठ्या संख्येने स्वतःच्या व्यवसायात आहे. कुणी इलेक्ट्रिकची कामे घेतो, कुणी टेम्पो चालवतो, कुणाचे शिवणकामाचे किंवा झेरॉक्सचे दुकान आहे, कुणी केटरिंग करते, तर कुणी लहानमोठी कंत्राटे घेतो. कमाई नोकरीपेक्षा कमी असते असे नाही. परंतु ती दरमहा सारखी नसते, आणि तिचा पुरावा कुणी आयता हातात देत नाही.

अशा व्यावसायिकावर घर पुन्हा तारण ठेवण्याची वेळ दोन कारणांनी येते. एक तर चालू गृहकर्जाचा व्याजदर जास्त आहे म्हणून ते कमी दराच्या बँकेकडे न्यायचे असते. दुसरे म्हणजे धंद्यात पैसा कमी पडतो आणि घराशिवाय दुसरे तारण नसते. ही दोन्ही कामे बँकेच्या एकाच टेबलावर होतात, अर्जही सारखेच दिसतात. पण त्यांतील धोका अगदी वेगळा आहे. हा फरक समजून न घेता सह्या केल्यामुळे चांगली चाललेली कुटुंबे अडचणीत आलेली आम्ही पाहिली आहेत. म्हणून या विषयाची सविस्तर माहिती येथे देत आहोत.

अनिश्चित काळाने काय शिकवले

मार्च २०२० मध्ये टाळेबंदी झाली तेव्हा पगारदारांपैकी अनेकांना पगार मिळत राहिला, परंतु रोजच्या धंद्यावर जगणाऱ्यांचा गल्ला एका दिवसात बंद झाला. रिझर्व्ह बँकेने १ मार्च ते ३१ ऑगस्ट २०२० या सहा महिन्यांसाठी हप्ते पुढे ढकलण्याची मुभा दिली. ही सवलत होती, माफी नव्हती. समजा, २० लाखांचे कर्ज ९ टक्क्यांनी बाकी होते, तर त्या सहा महिन्यांचे सुमारे ९० हजार रुपये व्याज कर्जात मिळवले गेले. व्याजावरील व्याजाचा फरक सरकारने २ कोटी रुपयांपर्यंतच्या कर्जदारांना नंतर परत दिला, परंतु मूळ व्याज भरावेच लागले.

त्यानंतर व्याजदराचा फेरा आला. रिझर्व्ह बँकेचा रेपो दर मे २०२० मध्ये ४ टक्क्यांवर आला होता. मे २०२२ पासून तो वाढत गेला आणि फेब्रुवारी २०२३ मध्ये ६.५० टक्के झाला. पुढे २०२५ सालात तो टप्प्याटप्प्याने उतरून डिसेंबर २०२५ मध्ये ५.२५ टक्के झाला. १ ऑक्टोबर २०१९ पासून व्यापारी बँकांची बदलत्या दराची नवी गृहकर्जे बाहेरील दराशी, बहुधा रेपो दराशी, जोडलेली असल्याने हा चढउतार थेट कर्जदाराच्या घरापर्यंत पोहोचतो.

तो कसा पोहोचतो, हे बहुतेकांच्या लक्षात येत नाही. दर वाढला की बँक पुष्कळदा हप्ता तोच ठेवते आणि मुदत वाढवते. समजा, २० लाखांचे कर्ज ७ टक्क्यांनी १५ वर्षांसाठी घेतले, तर हप्ता सुमारे १७,९७७ रुपये येतो. दर ९.५ टक्के झाला आणि हप्ता तोच राहिला, तर हेच कर्ज फिटायला सुमारे साडेबावीस वर्षे लागतात. घरात हप्ता तेवढाच जातो, म्हणून कुणाला काही जाणवत नाही. प्रत्यक्षात साडेसात वर्षांचे हप्ते वाढलेले असतात. ऑगस्ट २०२३ मध्ये रिझर्व्ह बँकेने आदेश काढला की, दर बदलताना हप्ता वाढवायचा, मुदत वाढवायची की दोन्ही थोडे थोडे करायचे, हे ठरवण्याची संधी कर्जदाराला दिली पाहिजे. म्हणून प्रथम आपल्या बँकेतून कर्जाचा उतारा आणावा व त्यावर तीन गोष्टी पाहाव्यात : आजचा व्याजदर, बाकी मुद्दल आणि उरलेले हप्ते.

कर्ज दुसऱ्या बँकेत नेणे : हिशेब कागदावर मांडावा

दर जास्त आहे असे दिसले, तर लगेच दुसऱ्या बँकेत धावू नये. आधी स्वतःच्या बँकेला लेखी अर्ज देऊन नव्या कर्जदारांना लागू असलेला दर मागावा. अनेक बँका थोडेसे शुल्क घेऊन दर कमी करून देतात. त्यामुळे नवी कागदपत्रे, नवे मूल्यांकन आणि नवा मुद्रांक हे सारे वाचते.

बँकेने दाद दिली नाही तरच कर्ज हलवण्याचा विचार करावा. बदलत्या दराचे गृहकर्ज व्यक्तीने मुदतीपूर्वी फेडल्यास त्यावर दंड घेण्यास बँकांना २०१२ पासून मनाई आहे. पण नव्या बँकेचे प्रक्रिया शुल्क, वकिलाची व मूल्यांकनाची फी, तारणावरील मुद्रांक शुल्क व नोंदणी हा खर्च असतोच.

एक उदाहरण घेऊ. बाकी कर्ज २० लाख, उरलेली मुदत १५ वर्षे, दर ९.५ टक्के. हप्ता सुमारे २०,८८४ रुपये. नवी बँक ८.५ टक्क्यांनी देते, तर हप्ता १९,६९५ रुपये. दरमहा १,१८९ रुपये वाचले. सर्व खर्च मिळून २५ हजार रुपये आला, तर तो सुमारे २१ महिन्यांत भरून निघतो आणि पुढची सगळी वर्षे बचतीची. पंधरा वर्षांत सुमारे २ लाख १४ हजार रुपये वाचतात. हा सौदा चांगला.

आता येथेच पाय घसरतो. नव्या बँकेचा माणूस म्हणतो, “मुदत २० वर्षे करू या, हप्ता १७,३५६ होईल.” महिन्याला साडेतीन हजार वाचतात म्हणून मन भुलते. पण १७,३५६ गुणिले २४० हप्ते म्हणजे ४१ लाख ६५ हजार रुपये होतात. जुन्या, महाग कर्जाचे १८० हप्ते ३७ लाख ५९ हजार होत होते. म्हणजे दर एक टक्क्याने कमी होऊनही चार लाख रुपये अधिक गेले! धंदा मंदीत आहे आणि हप्ता झेपतच नाही, अशा वेळी मुदत वाढवणे भाग पडते, हे आम्ही नाकारत नाही. पण ती सोय किती रुपयांना पडते, हे सही करण्याआधी माहीत असावे. आणि धंदा सावरताच जादा रक्कम भरून मुदत पुन्हा कमी करावी.

पगारपत्रक नाही, मग बँक काय पाहते?

स्वतंत्र व्यवसाय करणाऱ्याची खरी अडचण येथे आहे. बँक तुमचा गल्ला पाहत नाही, तुमचे आयकर विवरणपत्र पाहते. सर्वसाधारणपणे दोन ते तीन वर्षांची विवरणपत्रे, ताळेबंद व नफा-तोटा पत्रक, वर्षभराचे बँक खात्याचे उतारे, जी.एस.टी. नोंदणी असल्यास त्याची विवरणपत्रे आणि व्यवसायाचा पुरावा मागितला जातो. व्यवसायाच्या पुराव्यासाठी जुलै २०२० पासून सुरू झालेली उद्यम नोंदणी उपयोगी पडते. ती सरकारी संकेतस्थळावर विनाशुल्क होते, त्यासाठी दलालाला पैसे देण्याचे कारण नाही.

या कागदांवरून बँक तुमचे सरासरी वार्षिक उत्पन्न काढते आणि सर्व कर्जांचे हप्ते मिळून साधारणतः त्याच्या निम्म्याच्या आसपास राहावेत असे पाहते. समजा, एका वायरमनला महिन्याला खर्च जाऊन ५० हजार सुटतात, पण विवरणपत्रात वर्षाचे ४ लाखच दाखवले आहेत. बँकेच्या लेखी त्याचे मासिक उत्पन्न सुमारे ३३ हजार आणि झेपणारा हप्ता साडेसोळा हजारांच्या आसपास. तो आज २०,८८४ रुपयांचा हप्ता एकही न चुकवता भरत आहे. तरी १९,६९५ रुपयांच्या स्वस्त हप्त्यासाठी तो अपात्र ठरतो! कर थोडा वाचला, पण महाग कर्जातून सुटण्याची वाट बंद झाली. लहान व्यावसायिकांसाठी आयकर कायद्यात उलाढालीवर ठराविक टक्के नफा धरण्याची सोपी पद्धत आहे. तीत किमान टक्केवारीपेक्षा खरा नफा जास्त असेल, तर तो दाखवता येतो आणि दाखवावा.

म्हणून ज्यांना पुढील दोन-तीन वर्षांत कर्ज हलवायचे आहे, त्यांनी तयारी आजच सुरू करावी :

१. विवरणपत्र दरवर्षी मुदतीत भरावे. कर्जापूर्वी तीन वर्षांची एकदम भरलेली विवरणपत्रे बँकेला संशयास्पद वाटतात.

२. धंद्याचे खाते आणि घरचे खाते वेगळे ठेवावे. रोख आलेली रक्कम थेट खर्च न करता खात्यात भरावी.

३. एखादे वर्ष वाईट गेले असेल, तर ते लपवू नये. कारण लिहून द्यावे आणि नंतरच्या महिन्यांची सुधारलेली उलाढाल खात्याच्या उताऱ्यांवरून दाखवावी.

४. आपला पतअहवाल पाहावा. आपल्या देशात अशा चार कंपन्या आहेत आणि प्रत्येकीकडून वर्षातून एकदा संपूर्ण अहवाल मोफत मिळतो. गुण ३०० ते ९०० च्या दरम्यान असतात. फेडलेले कर्ज बाकी दिसत असेल, तर लेखी तक्रार करून दुरुस्त करून घ्यावे. अर्ज करण्याआधी हे करावे, नंतर नव्हे.

५. एकाच महिन्यात पाच-सहा बँकांत अर्ज करू नये. प्रत्येक चौकशीची नोंद अहवालात होते आणि माणूस पैशासाठी वणवण करीत आहे असा समज होतो.

घराची कागदपत्रेही तपासावीत. मूळ करारनामा, नोंदणीची पावती, सूची क्रमांक दोन, सोसायटीचा भागदाखला व ना हरकत पत्र लागते. म्हाडा, सिडको किंवा पुनर्वसन योजनेतील घर असेल, तर त्या यंत्रणेची परवानगी व हस्तांतरणाच्या अटी आधी पाहाव्यात. वडिलांच्या नावावरील घर त्यांच्या निधनानंतर तसेच राहिले असेल, तर वारसांची नावे लागेपर्यंत काम अडते. बहिणींच्या हक्काचा प्रश्न मोकळेपणाने व कायद्याने मिटवावा, बगल देऊन नव्हे.

धंद्यासाठी घर गहाण : येथे थांबून विचार करावा

आतापर्यंतची चर्चा जुने कर्ज स्वस्त करण्याची होती. धंद्यासाठी नवा पैसा घरावर उचलणे ही वेगळी गोष्ट. ते जुन्या गृहकर्जावर वाढीव कर्ज म्हणून मिळते किंवा मालमत्ता तारण कर्ज म्हणून मिळते. मालमत्ता तारण कर्जाचा दर सहसा गृहकर्जापेक्षा जास्त असतो. तरीही तो विनातारण कर्जापेक्षा कमी म्हणून माणूस तिकडे वळतो. पण विनातारण कर्ज बुडाले तर पत जाते; हे बुडाले तर छप्पर जाते.

आमचे स्पष्ट मत असे की, पुढील तीन प्रश्नांना समाधानकारक उत्तर असल्याखेरीज राहत्या घरावर धंद्याचे कर्ज काढू नये. हा पैसा कमाई वाढवणाऱ्या वस्तूत जाणार आहे, की जुनी उधारी भागवण्यात? सहा महिने एक पैसाही आला नाही, तर हप्ते कोठून भरणार? आणि घरातील सर्व प्रौढ माणसांना हे ठाऊक आहे काय? जुनी देणी फेडण्यासाठी घर गहाण पडते, तेव्हा धंद्याचे मूळ दुखणे तसेच राहते आणि दोन वर्षांनी घर व धंदा दोन्ही एकदम संकटात येतात. लग्नसमारंभासाठी घर गहाण ठेवण्याबद्दल तर आम्ही न बोललेलेच बरे.

पत्नीची किंवा आईची सही हा उपचार समजला जातो. “येथे सही कर” एवढेच सांगितले जाते. परंतु सहकर्जदार म्हणून सही करणारी व्यक्ती संपूर्ण कर्जाला जबाबदार असते, निम्म्याला नव्हे. पतीचे काही बरेवाईट झाले, तर बँक तिच्याच दारी येते. म्हणून भगिनींनी कागद वाचून किंवा वाचून घेऊनच सही करावी. कर्जाइतका मुदतीचा विमा उतरवणे शहाणपणाचे आहे. मात्र तो त्याच बँकेकडून आणि कर्जातच रक्कम मिळवून घेण्याची सक्ती नसते. कर्ज दुसरीकडे नेताना जुन्या विम्याचे काय होणार, हेही विचारावे.

घराला हात लावण्यापूर्वी इतर मार्ग पाहावेत. २०१५ मध्ये सुरू झालेल्या मुद्रा योजनेत लहान व्यवसायांना तारणाशिवाय कर्जाची तरतूद आहे. अनुसूचित जाती व नवबौद्ध बांधवांसाठी १९७८ मध्ये स्थापन झालेले महात्मा फुले मागासवर्ग विकास महामंडळ आहे. त्याच्या जिल्हा कार्यालयात जाऊन चालू योजनांची चौकशी करावी. ही कर्जे मिळायला खेटे घालावे लागतात, हे आम्हांस ठाऊक आहे. तरीही खेटे परवडतात, घर गमावणे परवडत नाही.

खासगी सावकाराच्या बाबतीत एक इशारा देणे आवश्यक वाटते. काही जण गहाणखताऐवजी खरेदीखतावर किंवा मुखत्यारपत्रावर सही घेतात आणि कोरे धनादेश ठेवून घेतात. “पैसे दिले की कागद परत” हे तोंडी वचन असते. खरेदीखत झाले की कागदोपत्री घर विकले गेले. महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम, २०१४ नुसार परवान्याशिवाय सावकारी हा गुन्हा आहे आणि सावकारीत बळकावलेल्या मालमत्तेबाबत सहकार खात्याच्या जिल्हा उपनिबंधकांकडे अर्ज करता येतो. पण तो लांबचा व कष्टाचा रस्ता आहे.

सही करण्यापूर्वी व हप्ता थकल्यास

१ ऑक्टोबर २०२४ पासून बँकेने नव्या किरकोळ कर्जासाठी मुख्य तथ्यांचे पत्रक कर्जदाराला समजेल अशा भाषेत देणे बंधनकारक आहे. त्यात सर्व खर्च धरून पडणारा वार्षिक दर, शुल्क आणि हप्त्यांचा तक्ता असतो. हे पत्रक घरी आणावे आणि जाणत्या माणसाला दाखवावे. त्याच दिवशी सही करण्याची घाई करणाऱ्याला नम्रपणे नकार द्यावा.

एवढे करूनही हप्ता थकण्याची वेळ आली, तर बँकेपासून तोंड लपवू नये. हप्ता ९० दिवसांहून अधिक थकला की खाते अनुत्पादक ठरते. त्यानंतर २००२ च्या सरफेसी कायद्यानुसार बँक ६० दिवसांची नोटीस देऊ शकते. या नोटिशीला लेखी उत्तर द्यावे. आपल्या हरकतींना बँकेने १५ दिवसांत उत्तर दिले पाहिजे. त्यानंतर बँकेला कोर्टात दावा न लावता ताबा घेता येतो. त्याविरुद्ध ४५ दिवसांत कर्जवसुली न्यायाधिकरणाकडे दाद मागता येते. हा कायदा सहकारी बँकांनाही लागू आहे, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने मे २०२० मध्ये दिला. त्यामुळे “आपली ओळखीची सहकारी बँक आहे, काही होणार नाही” या भरवशावर राहू नये.

म्हणजेच खरी संधी पहिल्या ९० दिवसांत असते. पहिला हप्ता चुकण्याची चिन्हे दिसताच शाखाधिकाऱ्याला भेटावे, लेखी अर्ज देऊन त्याची पोच घ्यावी आणि मुदतवाढ किंवा फेररचना मागावी. शेवटचा उपाय म्हणजे घर स्वतः विकून कर्ज फेडणे. हा निर्णय कठीण असतो, पण आपण विकलेल्या घराला बहुधा लिलावापेक्षा बरी किंमत येते आणि उरलेल्या पैशांतून लहानसे का होईना दुसरे घर पाहता येते.

कर्ज फिटले किंवा दुसऱ्या बँकेत गेले, तरी काम संपत नाही. सप्टेंबर २०२३ च्या आदेशानुसार संपूर्ण परतफेडीनंतर ३० दिवसांत मूळ कागदपत्रे परत देणे व तारणाची नोंद काढणे बंधनकारक आहे. बँकेच्या दोषामुळे उशीर झाल्यास दिवसाला ५,००० रुपये भरपाईची तरतूद आहे. कागद मोजून घ्यावेत, पोच जपून ठेवावी. बँकेने तक्रारीची ३० दिवसांत दखल घेतली नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे विनाशुल्क तक्रार करता येते.

असो. कर्ज घेणे हा कमीपणा नाही; कर्जाशिवाय आपल्यापैकी फारच थोड्यांची घरे उभी राहिली असती. परंतु पगाराच्या आधारावर एका पिढीने फेडलेले घर दुसऱ्या पिढीने पाच मिनिटांच्या सह्यांत पणाला लावू नये, एवढीच कळकळ आहे. आपल्या वसाहतींत आज लेखापाल, वकील, बँक कर्मचारी व निवृत्त अधिकारी झालेली मुले-मुली आहेत. त्यांनी महिन्यातला एक रविवार काढून शेजाऱ्यापाजाऱ्यांचे असे कागद वाचून दिले, तर अनेक कुटुंबांची घरे वाचतील. आणि ज्यांना कागद कळत नाहीत, त्यांनी विचारण्यात संकोच बाळगू नये. प्रश्न सहीच्या आधी विचारला, तरच त्याचा उपयोग होतो.